आबांचं सीताफळ

परवा धारूरजवळ गावी गेलो होतो. आबा (म्हणजे आजोबा) बांधावरच्या सीताफळाच्या वाळक्या फांद्या छाटत होते. पानं गळून झाडाचा पार खराटा झालेला. "पाणी सोडू का?" म्हटलं. "आत्ता सोडलंस तर फुटंल. मग मेपर्यंत पाजायला तू येणार का पुण्याहून?"

गप्प बसलो!

गंमत बघा, हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. बहुतेक अभ्यासक म्हणतात, पोर्तुगीजांबरोबर आलं. पण बालाघाटच्या माळावर असं रुळलं, की 2016 मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पाण्याची ओढ आपल्याकडे जुनीच. निजामशाहीत, 16 व्या शतकात, सलाबतखानानं बीडला खजाना विहीर बांधली, ती भुयारी पाटानं शेतीला पाणी न्यायला. सगळ्यांच्या नशिबी खजाना कुठला? 2012-13 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या मोसंबीच्या कितीतरी बागा वाळल्या. त्यात आमचीही होती. आबांनी टँकर घातले, कर्ज केलं, शेवटी स्वतः कुऱ्हाड लावली. त्या लाकडावर वर्षभर चूल पेटली. बांधावरच्या सीताफळाला तेव्हा कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं.

असो. कात्री मी घेतली. "वाळलेलंच काप," आबा म्हणाले, "हिरव्याला हात लावू नको."