ओरखडा दिसणार नाही

साल 1988. मुंबईतल्या एका फिल्म लॅबोरेटरीत तुम्ही रात्रपाळीला उभे आहात. शुक्रवारी सिनेमा लागायचाय, प्रिंट अजून मशीनवर आहेत. चपला बाहेर काढून, पांढरा कोट चढवून तुम्हाला आत घेतलंय. फिल्मला धूळ लागू नये म्हणून हा सगळा सोवळेपणा. तुमच्या काळजीपोटी नव्हे.

केमिकल रूममधले दादा टाकीत पावडर ओततायत. सीडी-टू, पॉझिटिव्हचा कलर डेव्हलपर. त्यांच्या मनगटावर जांभळट, खाजरे चट्टे आहेत. "घामोळं हो," म्हणतात. पण तुम्ही पुढच्या काळातून आलायत. ही पावडर केसांच्या कलपातल्या रसायनाच्या कुळातली. तिचं वावडं एकदा जडलं की बहुधा जन्माचं. मग चिमूटभरही पुरते. पलीकडे हायपोच्या, म्हणजे फिक्सरच्या, टाकीवर नाकाला झोंबतो तो सल्फर डायऑक्साइड. दमेकऱ्याने तिथे उभंच राहू नये.

प्रिंटिंगला चला. निगेटिव्हवर ओरखडा आहे, म्हणून वेट गेट लावलंय. फिल्म परक्लोरोइथिलीनमध्ये भिजवून छापायची. द्रव ओरखड्यात भरतो, उजेड विखुरत नाही आणि पडद्यावर सगळं स्वच्छ. मोठी हुशार युक्ती! गोडसर वासाने तुमचं डोकं हलकं होतं. बाहेर जाऊन चहा घेतला की उतरतं, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. याच द्रवाने ड्रायक्लीनिंग करणाऱ्यांमध्ये पुढे निळ्या-पिवळ्या छटा ओळखण्याची नजर मंदावलेली आढळली. इथे तर रंगावरच पोट! 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो 'बहुधा कर्करोगकारक' ठरवला. फिल्मच्या शेवटच्या टाकीतल्या स्टॅबिलायझरमधलं फॉर्मल्डिहाइड 2004 मध्ये थेट पहिल्या गटात, म्हणजे 'कर्करोगकारक' म्हणून, गेलं.

हे सगळं पुढचं; आज रात्री दादांना सांगून उपयोग नाही. चट्ट्यांचं मात्र तेव्हाही सांगता आलं असतं. रसायनांमुळे होणारा त्वचारोग तेव्हाच्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता, आणि असा रोगी आला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकांना कळवायचं असे. पण नाक्यावरच्या डॉक्टरने मलम दिलं. काम काय करता, हे विचारलंच नाही.

आता परत या. डिजिटल आलं, लॅबोरेटऱ्या एकेक करून बंद पडल्या, माणसं घरी बसली. तुमच्या घरात असं कुणी असेल तर दवाखान्यात 'रिटायर्ड' एवढंच लिहू नका. कोणत्या खात्यात, किती वर्षं आणि कशात हात घालून काम केलं, ते डॉक्टरांना सांगा.