उचल : जंगलातील वेठीचा इतिहास

माझे वडील कूपात लाकूड तोडायचे. कूप म्हणजे जंगलखात्याने तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. धान कापून झाले की मुकादम आमच्या वस्तीत येई, ओट्यावर बसे आणि उचल वाटी. १९६९ साली माझ्या आत्याच्या लग्नासाठी वडिलांनी तीनशे रुपये उचलले. पुढची सात वर्षे ते त्याच ठेकेदाराच्या कूपात राबले. दुसरीकडे मजुरी जास्त असली तरी जायची सोय नव्हती. लाकडाचे माप दिवाणजी घेई, हिशेब दिवाणजी लिही आणि अंगठा वडिलांचा असे. मी एकदा विचारले, "बा, कुराड तर आपली हाये ना?" ते म्हणाले, "कुराड आपली, पन हात ठेकेदाराचे."

या एका वाक्यात चांदा जिल्ह्यातील जंगलमजुराचा सारा इतिहास आहे. तो कुणी लिहिला नाही. सागवानाचा इतिहास मात्र लिहिला गेला. आलापल्लीच्या राखीव वनखंडाला २०१४ साली जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. झाडाला वारसा असतो. झाड तोडणाऱ्याला असतो तो बापाचा कर्जाचा वारसा.

ही वेठ आली कुठून? अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांत माडिया-गोंडांकडून आणि आमच्या महार-मांगांकडून फुकट काम घेणे हा रिवाजच होता. जमीनदाराचे घर शाकारायचे, साहेबाचे सामान वाहायचे, जळतण आणायचे. मध्य प्रांत सरकारने नेमलेले अधिकारी डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांनी आदिवासींच्या स्थितीची पाहणी केली. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात बिगारीला जागा द्यावी लागली. पण वेठ घेणारा एकटा जमीनदार नव्हता. इंग्रज सरकारने जंगल राखीव केले आणि मजूर हाताशी असावेत म्हणून जंगलातच वनग्रामे वसवली. तेथे राहायचे, कसायचे, तर खात्याच्या कामावर हजर व्हायचे, अशी अट होती. ज्याचे जंगल होते तो त्याच जंगलात अटीवर राहणारा कूळ झाला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ही युक्ती चांगली ठाऊक होती. १९२८ साली मुंबई कौन्सिलात त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक आणले ते याचसाठी. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा दाखवून पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेण्याचा फास. आमच्याकडे मुंबईचा तो वतन कायदा नव्हता, पण फास तोच होता. जमिनीच्या तुकड्याऐवजी तीनशे रुपये होते, एवढेच. भारतीय संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली. त्यानंतर १९५० च्या कायद्याने, चांदा जिल्हा मध्य प्रदेशात असताना, जमीनदाऱ्याही गेल्या. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी माझे आजोबा पायी चांद्याला गेले आणि बाबासाहेबांकडून दीक्षा घेऊन परतले. देव गेले, वेठ मात्र नाव बदलून घरातच राहिली. आता तिला उचल म्हणत.

मित्रहो, उचल म्हणजे साधे कर्ज, असे समजण्याची चूक आपले सुशिक्षित लोक करतात. कर्ज पैशाने फिटते. उचल श्रमाने फेडायची असते आणि श्रमाचा भाव धनकोच ठरवतो. ज्याच्या हाती माप, त्याच्याच हाती हिशेब. मग ती फिटणार कशी?

ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९७६ साली वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा कायदा झाला. वेठीचे प्रत्येक कर्ज रद्द झाले. कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर आली. वेठ घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड ठरला. जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या नेमायच्या ठरल्या. म्हणजे ऑक्टोबर १९७५ मध्येच माझे वडील कायद्याने मुक्त झाले होते. पण पुढचा सारा हंगाम ते कूपात राबले, कारण आमच्या वस्तीत हे सांगायला कुणी आले नाही. मीही ते पुढे कॉलेजात गेल्यावर वाचले. मुक्तीची बातमी गुलामापर्यंत पोहोचू न देणे, हीसुद्धा गुलामगिरीच नव्हे काय?

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणे ही कलम २३ मधली सक्तीची मजुरी आहे. भुकेची सक्तीही सक्तीच असते, हे न्यायालयाने मान्य केले. १९८३ साली बंधुआ मुक्ती मोर्चाच्या प्रकरणात ते आणखी पुढे गेले : सक्तीची मजुरी दिसली की ती उचलीपोटीच आहे असे गृहीत धरावे, तसे नसल्यास मालकाने सिद्ध करावे.

तरीही साखळी तुटली नाही, कारण तिची रचनाच तशी आहे. सर्वांत वर गिरणी किंवा व्यापारी, त्याखाली ठेकेदार, त्याखाली मुकादम, आणि तळाशी तोडणारा. वरच्याला लाकूड हवे, बांबू हवा, तेंदूपत्ता हवा. तो कुणी आणि कसा तोडला, हे त्याला ठाऊक नसते. खरे म्हणजे ठाऊक नसणे हाच त्याचा फायदा असतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यावी असे म्हटले होते. पण ज्या मजुराचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, त्याने मूळ मालक कुठे शोधावा?

या साखळीला पहिला धक्का कायद्याच्या पुस्तकातून बसला नाही, गावातून बसला. मुंबई राज्यात १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्था सुरू केल्या. हेतू हाच की ठेकेदार बाजूला सरावा. पण खरा पालट धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाने दाखवला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू झाड की गवत, यावर खात्याशी वाद झाला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबू तोच, जंगल तेच. पण विकणारी ग्रामसभा, मोजणारी ग्रामसभा आणि मजुरी ठरवणारीही ग्रामसभा. माप तोडणाऱ्याच्या हाती आले की उचलीचे दात पडतात.

मात्र येथे आपण टाळ्या वाजवून थांबू नये. याच कायद्यात आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्याच्या बापाचे नाव फक्त ठेकेदाराच्या वहीत होते, त्या बौद्धाने कागद आणावा कुठून? आणि ज्याला जंगलात हक्क नाही तो पुन्हा मुकादमाच्या ओट्यावर जातो, किंवा मिरची तोडायला तेलंगणात जातो. २०२० च्या टाळेबंदीत हेच लोक उपाशीपोटी पायी परत आले.

मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान निघाले. लाकडाची वाजतगाजत शोभायात्रा निघाली. मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. लाकडाचे माप सर्वांना ठाऊक होते. तोडणाऱ्याच्या मजुरीबद्दल कुणी बोलत नव्हते.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. वेठ कुऱ्हाडीपाशी थांबवता येत नाही, ती खरेदीपाशी थांबवावी लागते. लाकूड घेणाऱ्या प्रत्येकाने, मग ते सरकार असो, गिरणी असो वा देऊळ, तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत : हजेरीपट कुठे आहे? उचल किती दिली? माप कुणी घेतले? उत्तर नसेल तर लाकूड घेऊ नये. आणि आपण कार्यकर्ते, विद्यार्थी, शिक्षक यांनी आपापल्या तालुक्यात दक्षता समिती आहे की नाही, ती शेवटची कधी बसली, हे तहसीलदाराला लेखी विचारावे.

वडिलांची कुऱ्हाड माझ्या घरी आहे. त्यांचा हिशेब मात्र ठेकेदाराच्या वहीतच राहिला. ती वही आपण मागितली पाहिजे.