भट्टीच्या धुरावरची वीज

सिमेंट भट्टीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून वीज काढणे ही हवामानचिंतेची देणगी मानली जाते. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच अमेरिकेतल्या कोरड्या भट्ट्यांच्या धगधगत्या धुरावर विजेसाठी बॉयलर चालत. १९५०च्या दशकात जर्मनीतून आलेल्या सायक्लोन प्रीहीटरने तीच उष्णता कच्च्या मालाकडे वळवली आणि बॉयलर मागे पडले. ते परतले ते इंधनाच्या भावामुळे: १९७३च्या तेलसंकटानंतर आयातीवर जगणाऱ्या जपानचा हिशेबच बदलला. भट्टीच सुधारली तर वाया जाईल किती, हा आक्षेप रास्त आहे. तरी चार टप्प्यांच्या प्रीहीटरमधूनही वायू सुमारे ३५० अंश सेल्सिअसला बाहेर पडतो. त्याच्या उष्णतेचा काही भाग कच्चा माल वाळवण्यात जातो, ओल्या हंगामात अधिकच. उरलेल्या उष्णतेवर चीनच्या निंगगुओ सिमेंट कारखान्यात १९९८ मध्ये जपानी साहाय्याने वीजसंच चालू झाला; पुढे चीन असे संच घरीच बनवू लागला.