बंदा पेसो

"मामा, हे तुमच्या संग्रहात नक्की नसेल!" असं म्हणून चार वर्षांपूर्वी भाच्यानं माझ्या हातावर एक चांदीचं नाणं ठेवलं. तो टेक्सासमध्ये असतो. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याला ते मिळालं. किंमत त्यानं सांगितली नाही, मीही विचारली नाही. नाण्यावर 1914 साल आणि दोन शब्द होते, 'मुएरा वेर्ता'. अर्थ, 'वेर्ता मरो'. (स्पॅनिशमध्ये 'एच' गिळतात, म्हणून हुएर्ता नव्हे, वेर्ता.)

राज्यकर्त्याच्या मरणाची घोषणा देणारं नाणं! जन्मभर इतिहास शिकवला, पण असलं नाणं पाहिलं नव्हतं.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मेक्सिकोत 1910 साली पोर्फिरियो दियास यांच्या राजवटीविरुद्ध बंड उठलं. 1911 मध्ये दियास देश सोडून गेले आणि फ्रान्सिस्को मादेरो निवडून आले. फेब्रुवारी 1913 मध्ये सेनापती व्हिक्टोरियानो वेर्ता यांनी सत्ता बळकावली, मादेरोंचा खून झाला. मग उत्तरेत कारान्सा आणि पांचो विया, दक्षिणेत झपाटा, असे सगळे वेर्तांविरुद्ध उभे राहिले. ते गेल्यावर हेच लोक आपसात लढले, तो भाग वेगळा.

लढाई सुरू झाली की चांगलं नाणं बाजारातून नाहीसं होतं. लोकांनी चांदीचे पेसो पुरून ठेवले. ज्याच्या हाती सत्ता त्यानं नोटा छापल्या. वियाच्या नोटांच्या तर इतक्या नकला निघाल्या की खरी कुठली, खोटी कुठली, कळेना. पण सैनिकाला पगार द्यायचा, शेतकऱ्याकडून मका घ्यायचा, तर हाताला जड लागेल असं काहीतरी हवं. खाणी जवळच होत्या. मग जिथे जमेल तिथे टांकसाळी निघाल्या. 1913 मध्ये पार्रालला वियाच्या फौजेनं पेसो पाडले. झपाटांच्या लोकांनी गेरेरो प्रांतात दोन पेसोंची नाणी काढली, त्यांच्या चांदीत थोडं सोनं होतं आणि ते किती, हे नाण्यावरच लिहिलेलं असे. 1915 मध्ये ओआहाकानं स्वतःला सार्वभौम जाहीर केलं आणि चक्क चौकोनी सेंटावोही काढले. माझ्या हातातलं नाणं दुरांगो प्रांतातल्या कुएन्कामेचं. कोन्त्रेरास आणि सेनिसेरोस या दोन सेनापतींच्या हुकमानं ते पाडलं गेलं होतं.

निदान मी तसं समजत होतो.

खोटं नाणं ओळखायचे आपले जुने नियम सोपे आहेत. अक्षरं वेडीवाकडी, काठ ओबडधोबड, वजन कमीजास्त, की नाणं बाजूला टाका. इथे हे नियम उलटे पडतात. ही खरी नाणीच घाईत, कामचलाऊ ठशांनी पाडलेली. एकाच टांकसाळीच्या दोन पेसोंचं वजन जुळेलच असं नाही. ओतीव नाणं म्हणजे नकली, असं आपण म्हणतो. पण सिनालोआतली त्या काळची नाणी मुळातच ओतलेली आहेत. सरकारी पेसो वाळूत दाबून साचा केला आणि त्यात चांदी ओतली! म्हणजे नक्कल करण्याची जी पद्धत, तीच तिथे अस्सल. गबाळेपणाची नक्कल करणं सोपं असतं, म्हणून या नाण्यांचे खोटे भाऊबंद पुष्कळ.

मग ओळखायचं कसं? तीन गोष्टी मी शिकलो.

पहिली, घनता. नाणं हवेत तोला, मग दोऱ्यानं पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला लागू न देता तोला. हवेतल्या वजनाला पाण्यात कमी झालेल्या वजनानं भागा. शुद्ध चांदीला साडेदहाच्या आसपास उत्तर येतं, तांब्याला नऊच्या जरासं खाली. भेसळीनं उत्तर थोडं हलतं, पण चांदी तांब्याइतकी खाली येत नाही.

दुसरी, काठ आणि अक्षरं. ठशानं पाडलेल्या नाण्याची अक्षरं वाकडी असली तरी कड धारदार असते. ओतीव नकलेची अक्षरं विरघळत्या साबणासारखी दिसतात, भिंगातून बुडबुड्यांचे बारीक खड्डे दिसतात, काठावर सांध्याची रेघ असते.

तिसरी सगळ्यात पक्की. ठसे थोडे असत, म्हणून ठशाचा दोष त्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर उतरतो. अस्सल नाण्यांच्या फोटोंशी ते ताडून बघायचे. पण वापरताना पडलेला ओरखडा प्रत्येक नाण्याचा वेगळाच असणार. दोन नाण्यांवर तोच ओरखडा त्याच जागी दिसला, तर निदान एक तरी दुसऱ्यावरून ओतलेलं आहे, किंवा दोन्ही एकाच तिसऱ्यावरून.

गेल्या पावसाळ्यात आमच्या सराफाच्या काट्यावर नाणं तोललं. हवेत 22 ग्रॅम, पाण्यात 19.5. भागाकार 8.8. मी दोनदा केला. मग घरी येऊन एका विक्रीच्या यादीतला फोटो मोठा करून पाहिला. 1914 मधल्या चाराजवळ एक तिरका ओरखडा. माझ्याही नाण्यावर तोच, तिथेच.

वाईट वाटलं, पण खरी टोचणी वेगळीच होती. या नाण्याबरोबर एक गोष्ट विकली जाते, की ते ज्याच्याकडे सापडेल त्याला वेर्तांनी मृत्युदंड फर्मावला होता. ती मी नातवंडांना सांगितली, शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगितली, टाळ्या घेतल्या. हुकमाची तारीख काय, कागद कुठे, हे प्रश्न मी वर्गात मुलांना विचारायला शिकवत आलो. स्वतःला एकदाही विचारले नाहीत. विक्रेते गोष्ट सांगतात, पुरावा देत नाहीत. नाणं मी निदान चार वर्षांनी तरी तोललं, गोष्ट तोललीच नव्हती. वाचकांपैकी काहींनी ती माझ्याच तोंडून ऐकली आहे. ती मी मागे घेतो.

वेर्तांनी जुलै 1914 मध्ये राजीनामा दिला आणि जानेवारी 1916 मध्ये ते टेक्सासमधल्या एल पासोत वारले. त्याच 1916 मध्ये कारान्सा सरकारनं न्यूयॉर्कहून सुबक नोटा छापून आणल्या. नाव 'इन्फाल्सिफिकाब्लेस', म्हणजे ज्यांची नक्कल होऊच शकत नाही अशा. वर्ष संपेपर्यंत त्या मातीमोल झाल्या. छपाई उत्तम होती, पण लोकांचा विश्वास नव्हता. कुएन्कामेचा गबाळा पेसो मात्र आज शंभर वर्षांनंतरही लोक मागतात, नकली करून का होईना!

भाच्याला फोन करावा की नाही, आठवडाभर विचार केला. शेवटी केला. तो हसला आणि म्हणाला, "मामा, मग त्या दुकानदाराकडून घेतलेल्या उरलेल्या दोन नाण्यांचं काय?"

ती दोन्ही दिवाळीत घेऊन येतोय. काटा तयार ठेवलाय.