टिंबाची किंमत

मंडळाचा अंक १९९३ साली न्यू जर्सीत आमच्या घराच्या तळघरात, एका १४ इंची मॉनिटरवर तयार होत असे. सौ. टाइप करायची आणि मी मुद्रितं तपासायचो. तीही पडद्यावरच, कारण लेझर प्रिंटर एका सभासदाच्या ऑफिसातला, महिन्यातून एका शनिवारी मिळणारा.

त्या वर्षी आम्ही छापलं की एका सभासदाच्या वडिलांची शस्त्रक्रिया पुण्यात नीट पार पडली, ‘आता चितेचे कारण नाही’. चिंतेवरचं टिंब गळलं होतं. त्यांचा फोन आला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “अहो, अंक मी दर वेळी आईला पाठवतो. या वेळी नाही पाठवला.”

त्या रात्री मी भिंग घेऊन पडद्यासमोर बसलो. ‘चिं’मधलं टिंब वेलांटीला खेटून बसतं. आमच्या पडद्यावर टिंब असलं काय, नसलं काय, दिसायचा एकच करडा डाग.

याचं मूळ शोधायला थोडं मागं जावं लागतं. कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली स्ट्रासबुर्गमध्ये जी नळी बनवली, तिच्यात इलेक्ट्रॉनचा एकच झोत होता. रंगीत चित्रासाठी आरसीए कंपनीने १९५० साली वेगळी युक्ती दाखवली. काचेच्या आतून लाल, हिरवे, निळे ठिपके आणि त्यांच्यामागे बारीक भोकांचा पातळ पत्रा. तीन झोत त्या भोकांतून आपापल्या रंगाच्या ठिपक्यावर पडायचे. पण हे सगळं टीव्हीसाठी, दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला बसून चेहरे पाहण्यासाठी. आम्ही मात्र त्याच जातीच्या नळीवर दीड फुटावरून अनुस्वार शोधत होतो!

एकाच रंगाच्या दोन शेजारी ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे डॉट पिच. आमच्या मॉनिटरचं ०.३९ मिलिमीटर. जाहिरातीत ठळक छापलं होतं १०२४ बाय ७६८. पडद्याची दिसणारी रुंदी साधारण २६ सेंटिमीटर, म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला पाव मिलिमीटर. ठिपकेच त्याहून लांब लांब, मग बिंदू उमटणार कुठे? शिवाय बारीक अक्षरांत ‘इंटरलेस्ड’. आधी एक सोडून एक ओळी रंगवायच्या, उरलेल्या पुढच्या फेरीत. प्रत्येक ओळ सेकंदाला जेमतेम ४३ वेळा उजळायची. पांढरं पान सतत थरथरायचं. सौ.ची डोकेदुखी आम्ही कित्येक महिने थंडीवर ढकलत होतो. दुकानदाराने यातलं काही सांगितलं नव्हतं, आणि मीही स्वस्त मिळाला म्हणून विचारलं नव्हतं.

सोनीने १९६८ साली ट्रिनिट्रॉन आणला, त्यात भोकांच्या पत्र्याऐवजी ताणून बसवलेल्या उभ्या पट्ट्यांची जाळी होती. जास्त झोत काचेपर्यंत पोचायचा, चित्र उजळ आणि उभ्या दिशेने सपाट. जाळी कंप पावू नये म्हणून लावलेल्या आडव्या तारांची एक-दोन रेषांची सावली पडद्यावर दिसे, आणि दोष समजून लोक दुकानात भांडायला जात.

१९९५ साली आम्ही हिय्या करून १७ इंची ट्रिनिट्रॉन घ्यायचं ठरवलं. १७ इंच काचेचे, दिसणारे १६. अशा मापांवरून कॅलिफोर्नियात दावे झाले, तेव्हा कुठे जाहिरातीत दिसणारं माप छापलं जाऊ लागलं. जाळीचा पिच ०.२५. आडवा मोजलेला हा आकडा आणि ठिपक्यांचा तिरपा मोजलेला आकडा सरळ ताडून पाहता येत नाहीत, म्हणून मी आकड्यांवर विसंबलो नाही. ‘चिंता’ आणि ‘चिता’ बारीक टाइपात पानभर लिहून त्याचं चित्र फ्लॉपीवर नेलं. विक्रेत्याने पेंटब्रशमध्ये उघडून दिलं. मध्यभागी काय, सगळेच मॉनिटर चांगले दिसतात. मी कोपरे पाहत होतो. एका मॉनिटरवर कोपऱ्यात टिंबाला लाल कड आली, म्हणजे तीन झोत एका जागी पडत नव्हते. दुसऱ्यावर टिंब पुसट. तिसऱ्यावर चारही कोपऱ्यांत टिंब काळं, गोल, वेलांटीपासून सुटं. मग ७५ हर्ट्‌झवर पांढरं पान लावून डोळ्याच्या कडेने पाहिलं. थरथर नाही.

“हे लिहिलंय काय?” विक्रेत्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने पडद्याजवळ वाकून दोन्ही शब्द पाहिले आणि म्हणाला, “मला तर दोन्ही सारखेच दिसतात.”

खोकं गाडीत ठेवायला दोघे लागले. घरी आल्यावर सौ.ने पहिलं काम काय केलं, तर १९९३ची ती फाइल उघडून टिंब दिलं आणि त्या एका पानाची नवी प्रत काढून पुण्याला पाठवली.