इंद्रायणी आणि कलम २४

लोणावळ्यास गेलो की वळवणच्या तळ्याकाठी थोडे थांबायचे, हा माझा परिपाठ. इंद्रायणी येथे अडली आहे. देहू-आळंदीकडे जायचे पुष्कळसे पाणी टाटांच्या इंजिनिअरांनी घाटमाथ्यावरून पश्चिमेस वळविले. सुमारे ५०० मीटर खाली उतरून १९१५ साली त्याने खोपोलीत वीज केली, मुंबईच्या गिरण्या फिरविल्या. पुढे ते पाताळगंगेस मिळते.

कायदा फार उशिरा आला. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाविरुद्ध आपला कायदा केला. १९७४ चा केंद्रीय कायदा येथे १९८१ साली लागू झाला. त्याचे २४ वे कलम मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. नदीत घाण सोडण्यास मनाई. पण हक्काने धरण बांधणे, केवळ तेवढ्यावरून, गुन्हा नव्हे! कलम १७ म्हणते, कोरड्या दिवसांत नदीत किती पाणी असते ते पाहून सांडपाण्याच्या शुद्धीचे माप ठरवा. म्हणजे उरलेले पाणी पाहायचे. ते उरवायचे कोणी, याविषयी अक्षर नाही. मग इंजिनिअर तरी काय करणार? तो मैलाशुद्धीची केंद्रे बांधतो (बांधावीतच) आणि नदीत काय पडते ते मोजतो. नदीतून काय गेले, ते मोजणे त्याच्या कामात बसत नाही.

आळंदीच्या घाटावर फेस आला की आपण वरच्या गावांना बोल लावतो. खाली खोपोलीस पाताळगंगा भर वैशाखातही वाहत असते.