नेट जातं तेव्हा : तांब्याच्या तारेची गोष्ट

मागच्या वेळी आपण तारायंत्रापर्यंत आलो होतो. आज टेलिफोनच्या तारेवरून घराघरांत ब्रॉडबँड कसं आलं आणि आल्यावर ते सारखं का जायचं, ते पाहू.

नेट गेलं की पहिला संशय राउटरवर. तो बंद करायचा, दहापर्यंत मोजायचं, पुन्हा चालू करायचा. पुष्कळदा काम भागतं आणि म्हणूनच गैरसमज पक्का होतो. खरं तर बऱ्याच वेळा राउटर बिघडलेला नसतो. समोरचं नीट ऐकू येईना म्हणून त्यानं फोन ठेवून दिलेला असतो, इतकंच.

का ऐकू येत नाही? कारण ती तार या कामासाठी नव्हतीच. दोन तारांना पीळ देऊन जोडी करायची ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची, १८८१ सालची. शेजारच्या जोडीतलं बोलणं आपल्या जोडीत झिरपू नये, हा हेतू. पुढच्याच वर्षी मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. जगभर टेलिफोनची व्यवस्था बेतली गेली ती माणसाच्या आवाजाला पुरेल एवढी, म्हणजे साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ.

१९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बेलकोर या संस्थेत जोसेफ लेचलायडर यांनी दाखवलं की येणारा आणि जाणारा वेग मुद्दाम असमान ठेवला, तर जोड्यांची एकमेकींतली लुडबुड कमी होते आणि घराकडे येणारा वेग बराच वाढवता येतो. एडीएसएलमधला ‘ए’ तो हाच, असमानतेचा. स्टॅनफर्डचे जॉन सिऑफी यांनी त्याला चालणारं रूप दिलं. त्यांची पद्धत आपल्याकडच्या शेतकऱ्याला लगेच कळेल. तारेवरच्या १.१ मेगाहर्ट्झच्या वावराचे २५६ वाफे पाडायचे. मोडेम सुरू होताना प्रत्येक वाफा तपासतो; जिथे गोंगाट जास्त, तिथे पाणी कमी सोडतो. वर थोडी राखीव जागा ठेवतो. गोंगाट त्या राखीव जागेपलीकडे गेला की जोडणी सोडायची आणि वाटप पहिल्यापासून करायचं. आपण म्हणतो, ‘नेट गेलं.’

म्हणूनच राउटर बंद-चालू करणं हा उपाय फसवा. सकाळी शांततेत चालू केला तर तो भरपूर पाणी सोडून बसतो, आणि संध्याकाळी गोंगाट वाढला की कोलमडतो. मध्यम लहरींवरची दूरची रेडिओ केंद्रं अंधार पडल्यावर जास्त स्पष्ट येतात, हे जुन्या रेडिओवाल्यांना ठाऊक आहे. आता बघा, मुंबईच्या अस्मिता वाहिनीचे ५५८ किलोहर्ट्झ याच वावरात येतात! उघड्यावरून गेलेली फोनची तार म्हणजे एक प्रकारची एरियलच.

आपल्याकडे २००४च्या धोरणानं २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं आणि २००५च्या जानेवारीत एमटीएनएल-बीएसएनएलनं ते फोनच्या तारेवर आणलं. दुखणी ठरलेली. आतल्या खोलीतल्या जादा फोनला फिल्टर लावायचा राहिला की घंटी वाजताच नेट बंद. पावसाळ्यात सांध्यात पाणी शिरलं की रिसीव्हरमध्ये खरखर. ती ऐकू आली म्हणजे राउटर बदलून उपयोग नाही, लाइनमनलाच बोलवायचं.

पण मला सर्वांत आवडतं ते वेल्समधल्या आबरहोसान गावाचं प्रकरण. तिथे रोज सकाळी सातला सगळ्या गावाचं ब्रॉडबँड ढासळायचं. दीड वर्ष! ओपनरीच कंपनीचे तंत्रज्ञ येत, तपासणी करत, सगळं ठीक निघे. गावाकडे जाणारी केबलसुद्धा बदलून झाली. फरक शून्य. शेवटी २०२०मध्ये एक तुकडी गोंगाट मोजणारं यंत्र घेऊन पहाटे सहापासून मुसळधार पावसात गावभर फिरली. बरोबर सातला यंत्राचा काटा उसळला. माग काढत ते एका घरापाशी पोचले. तिथलं कुटुंब रोज सातला आपला जुना, वापरलेला म्हणून घेतलेला टीव्ही लावत असे, आणि त्यातून विद्युत गोंगाटाचा लोट निघून गावभरच्या तारांत शिरत असे.

इथे केबल बदलणाऱ्यांनी ‘काय बिघडलंय?’ विचारलं. पहाटे फिरणाऱ्यांनी ‘केव्हा बिघडतं?’ याचा पाठलाग केला. तुमच्याकडे अजून तांब्याची लाइन असेल तर आठवडाभर नेट जाण्याच्या वेळा कॅलेंडरवर मांडा. त्याबरोबर पाऊस होता का, घंटी वाजली का, कोणी पंप लावला का, तेही लिहा. मग जादा फोन काढून राउटर थेट मुख्य डबीला लावून बघा. तक्रार नोंदवताना हा कागद हातात असला की समोरच्याला ‘रीस्टार्ट करा’ म्हणून सुटता येत नाही.

त्या कुटुंबाला फार ओशाळल्यासारखं झालं म्हणतात. टीव्ही बंद झाला आणि गावाचं नेट टिकू लागलं. काचेच्या तारेला अशा टीव्हीनं काही झालं नसतं. तिची दुखणी निराळी. ती पुढच्या व्याख्यानात. आता प्रश्न घेऊ.